डॉक्टर 'नियम बदला' म्हणतात, तेव्हा त्यांचं किती ऐकायचं?

ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, एक आदेश काढला. खाद्यपेय म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याही उत्पादनाच्या नावात यापुढे 'ओआरएस' (जुलाबात पाजायचं मीठ-साखरेचं द्रावण) ही अक्षरं नकोत, असा तो आदेश होता. बातमी वाचून अनेक जण चक्रावले. मग आजवर जुलाब लागलेल्या मुलांना आपण पाजत होतो ते काय होतं?

बऱ्याचदा ते गोड सरबत होतं. जुलाबात शरीरातलं पाणी आणि क्षार निघून जातात. नुसतं पाणी पाजून ती तूट नीट भरत नाही, कारण आतड्याला पाणी शोषून घ्यायला मीठ आणि साखर दोन्ही एकत्र लागतात, तेही ठरावीक प्रमाणात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. साखर याच्या कितीतरी पट झाली की उलटंच होतं. आतड्यात साचलेली साखर शरीरातलं पाणी स्वतःकडे ओढते आणि जुलाब वाढतात. २०२२ मध्ये अशा पेयांना नावात 'ओआरएस' ठेवायची मुभा मिळाली होती. अट एवढीच, की 'हे जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेलं ओआरएस नाही' अशी सूचना वेष्टनावर छापायची. नावात ओआरएस, आणि खाली लिहिलेलं की हे ओआरएस नाही!

हा नियम बदलावा म्हणून सर्वांत चिकाटीने मागे लागल्या त्या हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष. सुमारे आठ वर्षं त्या पत्रं लिहीत होत्या, समाजमाध्यमांवर बोलत होत्या, न्यायालयातही गेल्या. समोर आलेल्या प्रत्येक मुलावर त्यांनी कितीही उत्तम उपचार केले असते, तरी वेष्टनावरचं नाव त्याने बदललं नसतं.

डॉक्टरांच्या या उद्योगाला जनवकिली म्हणतात. आपल्या रुग्णासाठी औषध लिहून देणं हा झाला उपचार. त्या रुग्णासारख्या हजारोंसाठी सरकारकडे, न्यायालयाकडे किंवा आपल्याच संघटनेकडे नियम बदलून मागणं, ही जनवकिली. ती हल्ली जगभर वाढते आहे आणि वैद्यकीय विद्यार्थीही तिच्यात उतरतात. साहजिकच लोक विचारतात: यांनी रुग्ण तपासायचे सोडून हे काय मांडलंय?

## आरोग्य धोरण म्हणजे नक्की काय?

रस्त्यावरच्या एका खड्ड्यात दुचाकीवाले वारंवार पडतात असं समजा. हाडांचा डॉक्टर प्रत्येकाला प्लॅस्टर घालतो. पोलिसाला एक अपघात दिसतो, घरच्यांना एक मोडलेला हात दिसतो. त्याच वळणावरून आलेले सगळे हात एका ठिकाणी फक्त डॉक्टरच्या नोंदवहीत जमा होतात. खड्डा बुजवायचा निर्णय मात्र त्याच्या हातात नसतो. तो ज्यांच्या हातात असतो त्यांनी घेतलेला (किंवा न घेतलेला) निर्णय म्हणजे धोरण.

पिण्याच्या पाण्याचे निकष, सिगारेटवरचा कर, गर्भपाताच्या कायद्यातली मुदत, औषधाच्या वेष्टनावरचा मजकूर, विम्यात काय बसतं आणि काय नाही, हे सगळं आरोग्य धोरणच. यातल्या कशावरही डॉक्टरची सही नसते. परिणाम मात्र त्याच्या दवाखान्यात येऊन बसतात.

## डॉक्टरांना असं काय दिसतं, जे इतरांना दिसत नाही?

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची गोष्ट इथे सांगायलाच हवी. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचं पाणी डेट्रॉइटच्या यंत्रणेकडून घेणं थांबवलं आणि फ्लिंट नदीचं पाणी नळाला सोडलं. हे पाणी लोखंड-शिसं जास्त खाणारं होतं. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन घालावं लागतं, ते घातलंच नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. पाण्याला रंग आहे, वास आहे, अंगावर पुरळ येतं अशा तक्रारी लोक करत होते आणि पाणी सुरक्षित असल्याचं उत्तर त्यांना मिळत होतं.

शिशाचं विष दगाबाज असतं. थोड्या प्रमाणात ते लहान मुलाच्या शरीरात गेलं तर मूल आजारी दिसत नाही. ताप नाही, उलटी नाही. नुकसान होतं ते मेंदूचं, आणि ते कळतं खूप उशिरा. म्हणजे एकेका मुलाला तपासून कुठल्याही डॉक्टरला काही समजलं नसतं.

बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी नवी एकही तपासणी केली नाही. लहान मुलांच्या रक्तातलं शिसं तिथे नेहमीच्या तपासणीतच मोजलं जातं. ते आकडे रुग्णालयाच्या संगणकात पडून होते. पाणी बदलण्याआधीचे आणि नंतरचे आकडे त्यांनी शेजारी शेजारी मांडले. पाच वर्षांखालच्या ज्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त होतं, त्यांचं प्रमाण (नंतर छापून आलेल्या अभ्यासाप्रमाणे) २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे दुप्पट. २४ सप्टेंबर २०१५ ला पत्रकार परिषद घेऊन त्यांनी ते जाहीर केलं. संशोधनपत्रिकेत छापून यायची वाट पाहिली नाही, कारण तोवर मुलं तेच पाणी पीत राहिली असती. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी आकडे झटकून टाकले, मग स्वतःचे आकडे पुन्हा तपासल्यावर मान्य केले. १६ ऑक्टोबरला शहर पुन्हा डेट्रॉइटच्या पाण्यावर आलं.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांचं ऐकलं गेलं ते पांढऱ्या कोटामुळे नाही. कोट तर पहिल्या दिवशीही अंगावर होता आणि तरीही त्यांना उडवून लावलं गेलं. ऐकावं लागलं ते आकड्यांमुळे, जे कुणालाही पुन्हा मोजून बघता आले असते.

## हे खूळ अलीकडचं आहे का?

मुळीच नाही. १८४८ च्या सुरुवातीला प्रशियाच्या (तेव्हाच्या एका जर्मन राज्याच्या) सरकारने अप्पर सायलेशिया या पोलिशभाषक भागात टायफसच्या (उवांमधून पसरणाऱ्या तापाच्या) साथीची पाहणी करायला एक तरुण डॉक्टर धाडला. नाव रुडॉल्फ फिरशो, वय २६. सरकारला अपेक्षा असावी औषधं आणि स्वच्छता यांवरच्या चार सूचनांची. फिरशो सुमारे तीन आठवडे फिरला आणि अहवालात लिहिलं की या लोकांना लोकशाही हवी, शिक्षण हवं तेही त्यांच्या पोलिश भाषेत, करांचा बोजा गरिबांवरून हलायला हवा, रस्ते हवेत. उपासमार आणि दैन्य असेल तिथे साथ येणारच, असं त्याचं म्हणणं होतं. सरकारला हे रुचलं नाही हे वेगळं सांगायला नको. पुढे हाच माणूस विकृतिशास्त्राचा (पॅथॉलॉजीचा) पितामह ठरला आणि बर्लिनच्या नगरपरिषदेत बसून त्याने शहराच्या सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी खटपट केली.

तंबाखूचीही हीच कथा, फक्त लांबलेली. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५० मध्ये दाखवला. पुढच्याच वर्षी त्यांनी ब्रिटनच्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सिगारेटची सवय विचारली. सुमारे ४०,००० जणांनी उत्तरं दिली आणि मग वर्षानुवर्षं त्यांच्यातलं कोण कशाने मरतं याची नोंद ठेवली गेली. १९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने अहवाल काढून जाहिरातींवर बंधनं, जादा कर आणि सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला आळा अशा मागण्या केल्या. टीव्हीवरच्या सिगारेटच्या जाहिराती तिथे १९६५ मध्ये बंद झाल्या. इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानबंदी आली २००७ मध्ये. मागणी आणि अंमल यांत ४५ वर्षं.

## मागणी ते कायदा, मधे काय घडतं?

बाहेरून आपल्याला मोर्चे दिसतात. खरं काम कंटाळवाणं असतं. नियमाच्या मसुद्यावर हरकती पाठवायच्या, समितीसमोर साक्ष द्यायची, संघटनेकडून अधिकृत भूमिकापत्र मंजूर करून घ्यायचं, माहिती अधिकारात अर्ज करायचे, याचिकेसोबत शास्त्रीय माहिती जोडायची.

भारतातल्या गर्भपाताच्या कायद्याचं उदाहरण घ्या. १९७१ च्या कायद्यात मुदत होती २० आठवड्यांची. बाळात व्यंग आहे का हे पाहणारी सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांत होते. तिच्यात शंका आली तर पुढच्या तपासण्यांना आणखी दिवस जातात. हृदयाचे काही दोष तर त्याही नंतर दिसतात. म्हणजे निदान व्हायचं तेव्हाच कायद्याचा दरवाजा लागायचा. १९७१ मध्ये सोनोग्राफी सर्रास नव्हतीच, त्यामुळे ही अडचण कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. ती आली सोनोग्राफीचे रिपोर्ट रोज हातात घेणाऱ्यांच्या.

२००८ मध्ये मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार एका दाम्पत्यासोबत मुंबई उच्च न्यायालयात गेले. परवानगी मिळाली नाही. कायदा बदलणं हे संसदेचं काम, असं न्यायालयाने सांगितलं. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढच्या वर्षांत अशाच अडचणीतल्या स्त्रियांच्या याचिका एकामागून एक आल्या. अखेर २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ठरावीक गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवडे झाली, आणि वैद्यकीय मंडळाने बाळात गंभीर व्यंग असल्याचं निदान केलं तर आठवड्यांची मर्यादाच उरली नाही. तेरा वर्षं लागली. शिवाय मंडळाची ही नवी पायरी कितपत सोयीची, यावर डॉक्टरांमध्येच वाद आहेत, म्हणजे पाठपुरावा संपलेला नाहीच.

## विद्यार्थ्यांचा यात काय संबंध?

'आधी पास तर व्हा' हा सल्ला त्यांना हमखास मिळतो. सल्ला चुकीचा नाही. त्यांच्याकडे रुग्णांच्या नोंदी नसतात, अनुभव नसतो, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलायचं तेच पुढे गुण देणार असतात. पण त्यांच्याकडे एक गोष्ट असते जी मुरलेल्या डॉक्टरकडे नसते: अजून त्यांना कुठल्या औषध कंपनीने काही दिलेलं नसतं.

हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या वर्गात एक प्राध्यापक कोलेस्टेरॉलच्या औषधांचे गुण गात होते. एकाने दुष्परिणामांबद्दल विचारलं, तर त्याला जवळजवळ हसण्यावारी नेलं. वर्गातल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याने नंतर शोध घेतला. हे प्राध्यापक १० औषध कंपन्यांचे पगारी सल्लागार निघाले, त्यातल्या ५ कोलेस्टेरॉलचीच औषधं बनवणाऱ्या. अमेरिकन मेडिकल स्टुडंट असोसिएशन ही विद्यार्थी संघटना तेव्हा वैद्यकीय महाविद्यालयांना कंपन्यांच्या पैशाबाबतच्या नियमांवरून गुण देत असे. २००८ मध्ये हार्वर्डला मिळाला 'एफ', म्हणजे सपशेल नापास. जगातल्या सर्वांत नामांकित महाविद्यालयाला विद्यार्थ्यांनीच नापास केलं! विद्यार्थ्यांनी रेटा लावला, वृत्तपत्रांत बोभाटा झाला आणि २०१० मध्ये हार्वर्डने भेटवस्तू आणि कंपन्यांसाठी भाषणं देणं यांवर कडक नियम आणले. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेला पैसा जाहीर करायचा. २०१४ पासून कुणीही नाव टाकून तो पाहू शकतं.

## 'डॉक्टरांनी राजकारणात पडू नये'

हा आक्षेप दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. एखाद्या पक्षाला मत द्या असं सांगणं वेगळं, आणि हा नियम माणसं मारतोय असं सांगणं वेगळं. दवाखान्यात रुग्णाला मतांचा उपदेश करू नये, हे मला पूर्ण मान्य. समोरचा माणूस आजारी असतो, अडलेला असतो, त्याला 'नाही' म्हणता येत नाही.

पण गप्प राहणंही तटस्थ नसतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बंदूक संघटनेने, म्हणजे एनआरएने, बंदुकांबद्दल लिहिणाऱ्या डॉक्टरांना 'आपल्या मर्यादेत राहा' असं सुनावलं. त्यावर शल्यविशारदांनी रक्ताने माखलेल्या कपड्यांचे, शस्त्रक्रियागृहाच्या फरशीचे फोटो टाकले. हीच आमची मर्यादा, असं त्यांचं उत्तर होतं. त्याहून बोलकी गोष्ट मागची आहे. १९९६ मध्ये अमेरिकी संसदेने रोगनियंत्रण केंद्राच्या निधीला एक कलम जोडलं, की हा पैसा बंदूकनियंत्रणाच्या पुरस्कारासाठी वापरायचा नाही, आणि त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ बंदुकीच्या जखमांवरचं सरकारी संशोधन जवळपास थंडावलं. २०१९ च्या अखेरीस पुन्हा २.५ कोटी डॉलर मंजूर झाले. मोजणीच बंद पडली की नोंदवहीतलं चित्र कुणाला दिसत नाही. त्यामुळे डॉक्टरांची पहिली मागणी बऱ्याचदा उपायाची नसते, मोजू द्या एवढीच असते.

## आणि ते स्वतःच्या खिशासाठी बोलत असतील तर?

आक्षेपांमधला खरा दमदार हाच आहे. इतिहास डॉक्टरांच्या बाजूने नेहमी साक्ष देत नाही.

ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा, एनएचएस, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिथल्या वैद्यकीय संघटनेने सभासदांचा कौल घेतला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण विरोधात होते. सरकारी नोकर व्हावं लागेल, ही भीती. मोठ्या डॉक्टरांना खासगी रुग्ण पाहायची मुभा वगैरे सवलती मिळाल्यावर विरोध मावळला. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात १ जुलै १९६२ ला सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा लागू झाला, त्याच दिवशी बहुसंख्य डॉक्टर संपावर गेले. संप २३ दिवस चालला. तीच योजना पुढे साऱ्या देशाने उचलली आणि आज कॅनडाचे लोक तिचा अभिमान बाळगतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने वृद्धांच्या सरकारी विम्याला, म्हणजे मेडिकेअरला, १९६५ मध्ये तो कायदा होईपर्यंत कडाडून विरोध केला.

यातल्या प्रत्येक वेळी भाषा रुग्णहिताचीच होती. डॉक्टर-रुग्ण नात्यात सरकार नको, उपचारांचं स्वातंत्र्य हवं, वगैरे. म्हणून भाषेवर जाऊ नये. मागणी मान्य झाली तर पैसा कुणाकडे सरकतो ते पाहावं. शिवरंजनींच्या मागणीने एकाही बालरोगतज्ज्ञाचं उत्पन्न वाढणार नव्हतं. दावा तपासता येईल असे आकडे समोर ठेवलेत का, तेही पाहावं. आणि ज्यांच्या नावाने बोलणं चाललंय ते रुग्ण त्या मागणीत कुठे दिसतात का? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्याच जून २०१९ च्या सभेत विद्यार्थी विभागाने ठराव आणला, की सर्वांसाठी एकच सरकारी विमा या कल्पनेला संघटनेचा असलेला विरोध काढून टाका. ठराव पडला, पण ५३ विरुद्ध ४७ टक्के इतक्या थोडक्यात. एकाच संघटनेत, एकाच दिवशी.

संपाचंही तेच. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या एका सरकारी रुग्णालयात प्रशिक्षणार्थी डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली, आणि देशभर डॉक्टरांनी काम थांबवलं. सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृतिदल नेमलं. मागणी रास्त होती, आणि तिची किंमत बाह्यरुग्ण विभागातून परत गेलेल्यांनीही मोजली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. तातडीची सेवा चालू ठेवली होती का, हा प्रश्न अशा वेळी विचारलाच पाहिजे.

## डॉक्टर आणि रुग्ण दोघांचं हित सारखंच असेल तर तरी सोपं असतं का?

तेही नाही. थकलेला डॉक्टर चुका करतो, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात १८ वर्षांची मुलगी दगावली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर सलग तास न् तास कामावर होते. १९८९ मध्ये त्या राज्याने शिकाऊ डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती अमेरिकाभर आली आणि २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची एक पाळी १६ तासांवर आणली गेली. डॉक्टरही सुखी, रुग्णही सुरक्षित, असं सगळ्यांनी धरून चाललं.

मग दोन मोठ्या चाचण्या झाल्या. आठवड्याचे ८० तास दोन्हीकडे कायम, पण काही रुग्णालयांत पाळीच्या लांबीची मर्यादा सैल केली. लांब पाळ्यांमुळे रुग्णांचे मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. एक कारण असं सांगतात, की पाळ्या छोट्या झाल्या की रुग्ण एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जास्त वेळा सोपवला जातो आणि त्यात माहिती गळते. २०१७ मध्ये १६ तासांची मर्यादा उठवली गेली. त्यातल्या एका चाचणीत दोन्ही गटांना समाधान विचारलं होतं. लांब पाळ्यांच्या रुग्णालयांत प्रशिक्षण चालवणारे वरिष्ठ डॉक्टर जास्त समाधानी होते. रात्रभर जागणारे शिकाऊ डॉक्टर कमी.